रेणूला माहेर नसतं

नातेवाइकांच्या गटावर एक संदेश वरचेवर येतो आहे. तुमच्याकडेही तो या ना त्या रूपात आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. निसर्गात तयार झालेल्या रेणूंत प्राणशक्ती असते, कारखान्यातल्या रेणूंत ती नसते, म्हणून शरीर त्यांना ओळखत नाही. गुळात ‘केमिकल साखर’ नसते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी तो खुशाल खावा. गोळीतलं क जीवनसत्त्व अंगी लागत नाही. कोलेजनची, म्हणजे त्वचेतल्या एका प्रथिनाची, पावडर प्यायली की ते कोलेजन थेट त्वचेत जाऊन बसतं. कोलेस्टेरॉल हे विष आहे, म्हणून ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ डबाच घ्या. आणि ज्या अन्नात जनुकं आहेत ते घरात आणू नका.

माझ्या मावशीने यातला गुळाचा भाग मनावर घेतला. चहात साखरेऐवजी गूळ, जेवणानंतर गुळाचा खडा, दुपारी शेंगदाण्यांबरोबर पुन्हा गूळ. ‘साखर तर मी सोडलीय’ असं ती सगळ्यांना सांगत होती. तीन महिन्यांनी तिची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा सांगणारी चाचणी, ७.१ वरून ८.४ वर गेली. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि हे माझ्याच घरात घडलं याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

प्राणशक्तीचा मुद्दा

या कल्पनेला हसण्याचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञही असंच मानत. बर्झेलियस त्यांतलाच. सजीवांतले पदार्थ सजीवांच्या शरीरातच बनू शकतात, प्रयोगशाळेत नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

१८२८ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिश व्होलर हा रसायनशास्त्रज्ञ अमोनियम सायनेटवर काम करत होता. हा निर्जीव क्षार. तो तापवल्यावर हाती आले ते युरियाचे स्फटिक, म्हणजे लघवीत सापडतो तोच पदार्थ. व्होलरने बर्झेलियसला पत्रातून कळवलं की मूत्रपिंड न वापरता मला युरिया करता येतो, मग ते मूत्रपिंड माणसाचं असो वा कुत्र्याचं. एका प्रयोगाने जुनी समजूत लगेच संपली नाही. पण १८४५ मध्ये कोल्बे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निर्जीव घटकांपासून सुरुवात करून व्हिनेगरमधलं आम्ल बनवलं, आणि पुढे अशी उदाहरणं इतकी वाढली की प्राणशक्तीला जागाच उरली नाही.

आज शेतकरी शेतात टाकतो तो गोणीतला युरिया आणि गोठ्यातल्या गोमूत्रातला युरिया यांत रेणूच्या पातळीवर काही फरक नाही. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, आणि दोन्हीकडे ते एकाच तऱ्हेने जोडलेले. गोमूत्रात इतर पुष्कळ काही असतं, हे खरं. पण त्यातला युरिया बाजूला काढलात, तर तो कुठून आला हे जमिनीतला जिवाणू ओळखू शकणार नाही.

गुळाचा मुद्दा

साखर कारखाना साखर बनवत नाही. साखर ऊस बनवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी ओढलेलं पाणी आणि ऊन यांच्या बळावर उसाची पानं सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, तयार करतात आणि ते कांड्यांत साठतं. एका रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. कारखान्यात रस गाळतात, चुना आणि गंधकाचा धूर वापरून स्वच्छ करतात, आटवतात, स्फटिक पाडतात आणि मळी वेगळी करतात. म्हणजे रसात आधीपासून होतं तेच सुक्रोज पोत्यात भरलं जातं.

आता कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर जा. तोच ऊस, तोच रस. तो काहिलीत पडतो, चुलवाणात जाळ लागतो, वर आलेला मळ काढत काढत गुळव्या रस आटवत नेतो, नेमक्या वेळी काहील उतरवतो, आणि गूळ गोठतो. स्फटिक वेगळे न काढल्यामुळे रसातली खनिजं आणि रंग त्यातच राहतात. गुळाला वास आहे, चव आहे, गुळपोळीला साखर चालत नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण त्या ढेपेत साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोजच असतं, आणि त्याखेरीज सुटं झालेलं थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज.

हे सुक्रोज लहान आतड्यात पोहोचलं की तिथलं सुक्रेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे दोन तुकडे करतं, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. या विकराला एक खाच असते आणि तिच्यात बसणारा आकार त्याला कळतो. रेणू काहिलीतून आला की कारखान्यातून, हे कळायची सोय त्याच्याकडे नाही. मधाचंही तसंच. त्यात सरासरी ३८ टक्के फ्रुक्टोज आणि ३१ टक्के ग्लुकोज असतं. मधमाशीने सुक्रोज फोडण्याचं काम आधीच उरकलेलं असतं, एवढाच फरक.

‘पण गुळात लोह असतं ना?’ हा मावशीचा प्रश्न. असतं. शंभर ग्रॅममागे काही मिलिग्रॅम, आणि नमुन्यागणिक कमीजास्त. चहातला गूळ दहा ग्रॅमचा. तेवढ्या लोहासाठी सात-आठ ग्रॅम साखर रक्तात घ्यायची, हा व्यवहार मधुमेह असलेल्या माणसाला परवडत नाही. हळीव, नाचणी, पालेभाज्या घरात असताना तर मुळीच नाही.

गुऱ्हाळावरची एक गोष्ट मात्र मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. चुलवाणात जळणारं चिपाड बघा. ते मुख्यतः सेल्युलोजचं असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबच लांब साखळी. आपल्या भाकरीतला स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजचीच साखळी. भाकरी पचते, चिपाड का पचत नाही? स्टार्चमध्ये दोन ग्लुकोजमधला सांधा एका बाजूला वळलेला असतो, सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. एवढ्याशा फरकाने आपलं विकर अडून बसतं. वाढं खाणाऱ्या बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र तो सांधा तोडू शकतात. सेल्युलोज पूर्णपणे नैसर्गिक आहे, तरी आपलं शरीर त्यातून ग्लुकोज काढू शकत नाही. म्हणजे विचारायचं ते हे, की रेणूतले अणू एकमेकांना कसे जोडलेत. ते कुठे जोडले गेले, याने काही ठरत नाही.

गोळीतलं क जीवनसत्त्व

आवळ्यातलं आणि गोळीतलं ॲस्कॉर्बिक आम्ल एकच आहे. कारखान्यात ते ग्लुकोजपासूनच करतात, आणि मधल्या एक-दोन पायऱ्या जिवाणूंकडून करून घेतात. आवळ्यात तंतू आणि इतर घटकही असतात, म्हणून आवळा खाणं चांगलंच. पण स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेला माणूस गोळीनेही बरा होतो.

इथे एक गोष्ट लपवली तर अप्रामाणिकपणा होईल. इ जीवनसत्त्वाच्या बाबतीत नैसर्गिक आणि कृत्रिम यांत फरक पडतो. कृत्रिम रीतीने बनवलेलं सर्वसाधारण इ जीवनसत्त्व आठ रूपांचं मिश्रण असतं. अणू तेच, पण डाव्या-उजव्या हाताच्या मोज्यांसारखे वेगवेगळ्या अंगांनी वळलेले. वनस्पती त्यांतलं एकच रूप बनवते, आणि आपलं यकृत तेच जास्त राखून ठेवतं. म्हणून सारख्या वजनात नैसर्गिक इ अधिक उपयोगी. इथेही यकृत प्राणशक्ती तपासत नाही, वळण तपासतं. उद्या कोणी कारखान्यात नेमकं तेच एक रूप बनवलं, तर यकृत तेही तितकंच राखेल.

कोलेजनची पावडर

कोलेजनबद्दल बोलताना मला नेहमी अभिमान वाटतो. त्याची तीन पदरी दोरासारखी रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि या प्रथिनात प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. इतर कुठलंही तिथे मावत नाही, इतकी वीण घट्ट.

ही दोरी अख्खी आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. कुठलंही प्रथिन खा, मग ते डाळीतलं असो, अंड्यातलं असो की महागड्या पुडीतलं, पोटातली विकरं त्याचे अमिनो आम्लांपर्यंत किंवा दोन-तीन अमिनो आम्लांच्या तुकड्यांपर्यंत तुकडे करतात. कोलेजनचे काही छोटे तुकडे रक्तात दिसतात, हे खरं आहे, आणि त्वचेवर थोडा परिणाम दिसल्याचं सांगणारे प्रयोगही आहेत. त्यांतल्या अनेकांचा खर्च पावडर विकणाऱ्यांनीच उचललेला असतो, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत. पण ‘थेट त्वचेत जाऊन बसतं’ हे साफ चुकीचं आहे. त्वचेतलं कोलेजन त्वचेतल्या पेशी स्वतः विणतात. त्या विणकामाला क जीवनसत्त्व लागतं, आणि ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. स्कर्व्ही म्हणतात ती हीच.

कोलेस्टेरॉल आणि डब्यावरची अक्षरं

कोलेस्टेरॉल विष असतं, तर आपलं यकृत ते रोज बनवत बसलं नसतं. पेशींच्या आवरणात ते लागतं. पित्तातली आम्लं आणि स्त्री-पुरुषांची संप्रेरकं त्याच्यापासून होतात, आणि ड जीवनसत्त्व त्याच्या अगदी आधीच्या रेणूपासून. रक्तात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, प्रमाणाबाहेर वाढणं हा धोका आहे, आणि तो गंभीर आहे. पण ती वेगळी गोष्ट.

या मुद्द्यावर मला राग येतो तो डब्यावरच्या अक्षरांचा. कोलेस्टेरॉल हा मुख्यतः प्राण्यांत सापडणारा रेणू आहे. शेंगदाण्याच्या, करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलात ते नसतंच म्हटलं तरी चालेल. मग ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाने कळलं काय? वनस्पती तुपातही कोलेस्टेरॉल नव्हतं. पण तेल घट्ट करण्यासाठी त्यात हायड्रोजन घालताना स्निग्ध आम्लांतले काही सांधे उलट बाजूला वळत आणि ट्रान्स फॅट तयार होई. ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल कमी करतं. लोकांनी ते वर्षानुवर्षं मिठायांत खाल्लं. भारतात ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून. डब्यावरचा शब्द खराच होता, पण धोका त्याने सांगितला नाही. तेव्हा मागच्या बाजूचे आकडे वाचा. ट्रान्स फॅट किती, संपृक्त मेद किती, तेवढं पाहा.

जनुकं असलेलं अन्न

प्रत्येक भाजीत, प्रत्येक डाळीत, आंब्यात, मटणात जनुकं असतात, कारण जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. पिकलेलं केळं कुस्करा, त्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे थेंब घाला, गाळा, आणि गाळलेल्या पाण्यावर थंड केलेलं स्पिरिट हलक्या हाताने ओता. पांढरे धागे वर येतात. त्यांत केळ्याचा डीएनए असतो. तो आपण जन्मभर खात आलो, आणि स्वादुपिंडाची विकरं तो फोडत आली. जनुक-सुधारित पिकांबद्दल बियाण्यांची मालकी, कीटकांची प्रतिकारशक्ती, सरकारी तपासणी असे खरे प्रश्न आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. ‘जनुकं असलेलं अन्न’ असा शब्द वापरला की ते सगळे बाजूला पडतात.

मावशीची साखर गोळ्यांनी आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. पूर्वी ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढत. डुकराचं इन्सुलिन आपल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं, गायीचं तीन अमिनो आम्लांनी. १९६५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत अमिनो आम्लं जोडत जोडत इन्सुलिन बनवलं, आणि ते काम करणारं निघालं. १९८२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती जिवाणूंत माणसाचं जनुक घालून बनवलेल्या इन्सुलिनला. ते आपल्या शरीरातल्या इन्सुलिनशी अमिनो आम्लागणिक जुळतं.

मावशीच्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात असंच कारखान्यात बनलेलं इन्सुलिन आहे. रोज सकाळी ती ते टोचून घेते, आणि तिच्या पेशी ते ओळखतात. चहात आता साखर नाही आणि गूळही नाही.