प्लँट रूममधला ओला टॉवेल

माझा भाचा तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर आहे. बेदाण्याचा माल, थंडाव्यासाठी अमोनिया वायूचा प्लँट, रात्रपाळी. परवा त्याचा फोन आला. "मामा, मेसेज बघितलासा का? लय कामाचा हाय. मी तर प्लँट रूममधी दारामागं खिळा ठोकून ओला टॉवेल अडकवलाय. आता गॅस सुटला तरी भ्यायचं काम नाही."

मी स्वतः असल्याच प्लँटवर ११ वर्षं काढली आहेत. मेसेज वाचून जेवढा संताप आला नाही, तेवढा त्या टॉवेलाचं ऐकून आला.

ज्यांच्याकडे तो अजून पोचला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. एक व्हिडिओ आहे, कुठल्या गावचा ते कळत नाही. पांढरा धूर, लांब उभा असलेला बंब, बाजूला थांबलेले जवान. खाली लिहिलंय : 'पगार घेतात आणि तासभर लांबून बघत बसतात!' मग घरगुती उपाय. ओला कपडा तोंडाला बांधून आत जा आणि व्हॉल्व्ह बंद करा. गळतीवर जोरात पाणी मारा. गॅस हलका असतो, जमिनीवर झोपा. वास गेला म्हणजे गॅस गेला. वाऱ्याच्या दिशेने पळा. शेवटी लिंबूपाणी प्या.

टॉवेलापासूनच सुरुवात करतो, कारण यातलं माणूस मारणारं वाक्य तेच आहे.

त्यात अर्धं खरं आहे हे नाइलाजाने मान्य करतो. अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. एक लिटर पाणी शेकडो लिटर वायू गिळतं. त्यामुळे तुम्ही रस्त्यावर आहात, वास आला आणि ओला रुमाल नाकाला लावून तिथून निघून गेलात, तर थोडा उपयोग होतो. निघून जाताना. आत शिरताना नव्हे! टॉवेलात पाणी मावून मावणार किती? ते अमोनियाने भरलं की तुमच्या तोंडावर ओलं फडकं राहत नाही, कातडी भाजणाऱ्या अल्कलीचं फडकं राहतं. आणि मेसेज लिहिणाऱ्या महाभागाने एक सांगावं, टॉवेल डोळ्यांवर कसा बांधायचा?

अमोनिया आधी डोळे धरतो. ओल्या जागा शोधतो तो : डोळे, घसा, काख, जांघ. माझ्या वेळी एका हेल्परला प्लँटमध्ये साचलेलं ऑइल बाहेर काढताना फटका बसला. व्हॉल्व्ह जरा जास्त उघडला गेला, तेलाबरोबर अमोनिया आला. त्या खोलीत तो चार वर्षं काम करत होता, डोळे मिटून सांगितलं असतं दार कुठे आहे ते. प्रत्यक्षात डोळे मिटले तेव्हा तो दाराकडे न जाता भिंतीला हात लावत कॉम्प्रेसरमागे गेला. आम्ही बाहेरून पत्रा बडवत त्याला हाका मारल्या, त्या आवाजाच्या रोखाने तो बाहेर आला. मालकाने नंतर मिठाई वाटली, बाहेर पडायला दुसरं दार काही करून घेतलं नाही.

साधारण ५ पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग झाले की, अमोनियाचा वास कळतो. ३०० पीपीएमला जिवाला तातडीचा धोका धरतात. फुटलेल्या पाइपाजवळ आकडा हजारोंत जातो. तिथे टॉवेल बांधून गेलेला माणूस पहिला बळी, आणि त्याला काढायला गेलेला दुसरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या शाळगाव एमआयडीसीत, खताच्या कारखान्यात वायुगळती होऊन कामगार गेले. म्हणजे हे लांबचं काही नाही.

आता 'तासभर लांब उभे राहतात' याबद्दल. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोची वाहतूक खाती मिळून एक नारिंगी पुस्तक काढतात, इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक. दर चार वर्षांनी नवी आवृत्ती, मोबाइलवर फुकट मिळतं. रसायनाचा टँकर उलटला की पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, एवढंच त्यात आहे. त्यात सुरुवातीलाच बजावलंय : वारा जिकडून येतो त्या बाजूने, चढाकडून, सावध जा, आणि घाईने आत शिरायचा मोह आवरा. अमोनियाचं गाइड १२५ नंबरचं. गळतीभोवती लगेच सगळ्या बाजूंनी किमान १०० मीटर मोकळे करा. आगीत घालतात तो नेहमीचा कोट उष्णतेपासून वाचवतो, रसायनापासून फारसा नाही. बंबावरचे जवान त्याच कोटात आलेले असतात. त्याच कोटात आत गेले तर कापडात अमोनिया मुरतो आणि घामाला भिडतो.

मग ते उभे राहून करतात काय? वारा बघतात. मालकाला विचारतात : आत किती अमोनिया आहे, रिसीव्हरचा (द्रव अमोनियाच्या टाकीचा) किंग व्हॉल्व्ह, म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह, कुठे, आत कोण अडकलंय का. अंगभर गॅस-टाइट, म्हणजे गॅस आत शिरू न देणारा, सूट घालतात. तो एकट्याला घालता येत नाही, दुसरा माणूस लागतो. सुटाच्या आत बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचं सिलिंडर आणि मास्क. सिलिंडरवर ४५ मिनिटं म्हणतात, पण जड काम करताना हवा त्याआधीच संपते, आणि परत येऊन सूट धुऊन काढेपर्यंतची हवाही त्यातूनच मोजायची असते. आत जोडी जाते, दुसरी जोडी बाहेर सूट चढवून तयार असते. धुण्याचं पाणी आधी मांडलेलं असतं, मग पहिलं पाऊल. व्हिडिओत ही तयारीच दिसते आणि आपण तिला भित्रेपणा म्हणतो.

हां, एक टोचणी रास्त आहे. प्रत्येक नगरपालिकेच्या बंबावर असा सूट नसतो, मग एमआयडीसीच्या फायर स्टेशनची किंवा एखाद्या मोठ्या कारखान्याची वाट बघावी लागते. त्यात वेळ जातो. पण तो राग नगरपालिकेच्या सभेत काढा, टॉवेल बांधलेल्या पोराच्या जिवावर नको.

पाणी मारा म्हणतात तेही असंच अर्धवट. जवान पाणी मारतात, पण गळतीवर नाही. नोझल फॉगवर, म्हणजे बारीक तुषारांवर, ठेवून हवेत पडदा धरतात, त्यात वायू विरघळून खाली येतो आणि ढग वस्तीकडून वळतो. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. त्याच्या थारोळ्यात नळाचं पाणी ओतलं तर त्याच्यासाठी ते गरमच, उकळून आणखी ढग उठतो. फुटलेल्या व्हॉल्व्हवर मारलं तर तो बर्फाने जाम होतो. अमोनियाचं एवढं, तर महामार्गावरच्या सल्फ्युरिक ॲसिडची तऱ्हा वेगळी, पाणी पडलं की ते उसळतं. म्हणून टँकरच्या मागे पाटी असते, तिच्यावर रसायनाचा नंबर आणि बंबवाल्यांसाठी खुणेचा कोड. अमोनियाला १००५ नंबर आणि २आरई, ॲसिडला १८३० आणि २पी. महामार्गावर पेठ नाक्याला चहाला थांबलात तर वाचून बघा, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करताना तो नंबरच सांगा. लांबून, मोबाइलचा कॅमेरा झूम करून.

जमिनीवर झोपा? अमोनिया हवेपेक्षा हलका, हे पुस्तकात खरं. पण द्रव गळला की थंडगार पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगतच पसरतं. पाणीपुरवठ्याच्या टाकीवरचा क्लोरीन असेल तर तो हवेच्या अडीचपट जड. झोपा म्हणे!

वास गेला म्हणजे गॅस गेला, हे साखर कारखान्यातल्या कोणालाही विचारा. मळीच्या टाकीत, सांडपाण्याच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना कुजक्या अंड्याचा वास, साधारण १०० पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं. अमोनियाच्या प्लँटवर आम्ही नाकावर विसंबत नसू. गंधकाची कांडी पेटवून जोडांवरून फिरवायची, पांढरा धूर उठला की तिथे गळती. ही बारीक गळती शोधायची रीत, मोठी सुटल्यावर कांडी घेऊन धावू नका, अमोनिया पेटतोही.

वाऱ्याच्या दिशेने पळण्याबद्दल काय बोलू, गॅसही तिकडेच चाललाय. वाऱ्याला आडवे निघा. लिंबूपाणी पाहुण्यांना द्या. डोळ्यांना आणि अंगाला लागलं तर वाहतं पाणी, किमान २० मिनिटं. द्रव उडून कपडे गोठून चिकटले असतील तर ओढू नका, पाण्याने सुटू द्या.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. त्याने टॉवेल काढला. मग विचारलं, कॅनिस्टरचा, म्हणजे गॅस गाळणाऱ्या डब्याचा, मास्क आहे ना रे, बाहेर पडण्यापुरता? आहे म्हणाला, नवाकोरा, ऑफिसच्या कपाटात. चावी दिवाणजींकडे असते, आणि दिवाणजी सकाळी दहाला येतात.