झाकण फक्त शॉकसाठी नसतं हो!

तुमच्या लेखात म्हटलंय की मेट्रोच्या तिसऱ्या रुळावरचं, म्हणजे गाडीला वीज पुरवणाऱ्या बाजूच्या रुळावरचं झाकण फक्त माणसांना शॉक लागू नये म्हणून असतं. अर्धंच खरं आहे. मी मूळचा खानापूरचा, नोकरीला बेंगळुरूत, रोज मेट्रोनं जातो. प्लॅटफॉर्मवर उभं राहून समोरच्या रुळाकडे नीट बघा. वीज वाहणारा रूळ उलटा टांगल्यासारखा बसवलेला असतो आणि गाडीचा शू, म्हणजे वीज घेणारा भाग, त्याला खालून घासत जातो. त्यामुळे पाऊस, पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळं वरच्या झाकणावर. घासणारी बाजू बरीचशी कोरडी आणि साफ. दक्षिण इंग्लंडात शू वरून टेकतो, म्हणून तिकडे थंडीत रुळावर बर्फ धरला की गाड्या अडकतात.

आणि 'बेळगावकडच्या पावसात तिसरा रूळ टिकणार नाही' हे लेखातलं वाक्य तर पटलंच नाही. पाणी तुंबून रूळ बुडाला तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या पावसाला कोण विचारतो? खरी अडचण जमिनीवर आहे. बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या-दुसऱ्या रेल्वे गेटावर माणसं, स्कूटर, म्हशी सगळे रूळ ओलांडतात, तिथे पायाच्या उंचीवर ७५० व्होल्ट ठेवणार का? शिवाय इतक्या कमी दाबाला दर दोन-तीन किलोमीटरवर सबस्टेशन लागतं. लोंढा-मिरज मार्गावर २५ हजार व्होल्टची तार डोक्यावर आहे तेच बरं. फक्त लोंढ्याकडच्या जंगलात पावसाळ्याआधी फांद्या छाटायला हव्यात, त्यावर लेखात एक ओळ नाही.