परशाची बाटली आणि किडनीचं गणित

सुगीचे दिवस. दिवसभर भात कापून परशा येळ्ळूरच्या कट्ट्यावर आला तो दोन लिटरची बाटली काखेत मारूनच. "ही एका दमात संपवतो बघ. किडनी धुऊन निघती की!"

"धुवायला ती काय घागर हाय?" मास्तर म्हणाले.

परशाचं म्हणणं सरळ होतं. जेवढं पाणी पोटात, तेवढी घाण बाहेर. बसूनंही मान डोलावली. मला गप्प बसवेना. अप्पांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण, वाढल्यापासून या मुठीएवढ्या अवयवाबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

"दिवाळीआधी आई घर कसं काढती? डबे, भांडी, वाकळा, सगळं अंगणात. मग हवं ते पुसून परत आत, नको ते उकिरड्यावर. किडनी रोज तेच करती." एकेका किडनीत साधारण 10 लाख बारीक गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि बहुतेक सगळं, साखर-मिठासकट, परत रक्तात ओढून घेतात. युरिया, क्रिएटिनिन अशी घाण घेऊन लघवीवाटे जातं ते दीड-दोन लिटर.

"अंगात रक्त पाच लिटर, तू 180 कुठनं आणलास?" बसूनं अडवलं.

"तेच फिरून फिरून येतंय की. रक्तातला पातळ भाग तीनेक लिटर, तो दिवसात साठ वेळा गाळला जातो."

"मग रानात दुपारी लघवी पिवळीजर्द का होती?" मास्तरांनी विचारलं.

घाम गेला की रक्त दाटतं. मेंदूला ते लगेच कळतं, तो एक हार्मोन सोडतो आणि किडनी जास्त पाणी राखून ठेवते. घाण तेवढीच, पाणी कमी, म्हणून रंग गडद. भरपूर प्यायलं की उलटं. लघवी पाण्यासारखी झाली म्हणजे जास्त घाण गेली, असं नव्हे.

परशा चिडला. "म्हणजे पिऊच नको?"

"पी की! घाण वाहून न्यायला रोज निदान अर्धा लिटर तरी लघवी लागतीच. पण थोडं थोडं पी. तासाला लिटरभरच्या वर किडनीला टाकता येत नाही. घामातनं मीठ गेलेलं, त्यावर नुसतं पाणी ढोसलंस तर रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येती."

तो ऐकत होता, पण हात खिशात गेला. चुरगळलेली पट्टी, दोन गोळ्या उरलेल्या. कंबरेसाठी, म्हणाला, सुगीभर रोज एक.

मला तिथंच धस्स झालं. अंग सुकलेलं असताना किडनीकडचा रक्तप्रवाह टिकवायला शरीर एक रसायन बनवतं. डायक्लोफेनॅकसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या तेच बनू देत नाहीत. अप्पांनी गुडघ्यांसाठी चार वर्षं अशाच गोळ्या खाल्ल्या, चिठ्ठीशिवाय. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

"डॉक्टरला दाखव, परशा. उद्या मी येतो संगती."

त्यानं बाटली अर्धी ठेवली. पट्टी मात्र परत खिशात गेली. सकाळी आठच्या आधी त्याच्या दारात जाऊन उभा राहणार आहे.