चिमट्याच्या चित्राला दहापैकी चार

पुतणी आज चित्रकलेच्या क्लासवरून आली ती डोळे पुसतच. सातवीत आहे, एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी चाललीय. तिनं गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी काढली होती, दोरीवर एकच चिमटा. बाकी कागद कोरा. त्या कोऱ्या जागेत लाल पेनानं लिहिलंय, 'बॅकग्राउंड अपूर्ण, ४/१०.' अहो, लेकराच्या चित्रावर लाल पेन?

कोरी जागा म्हणजे आळस, हे कोणी ठरवलं? आपल्याच मराठीत चित्रकार प्रभाकर बरव्यांनी १९९० साली 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिलं. वस्तू म्हणजे काय, आकार कुठून सुचतो, भोवतालचा अवकाश चित्रात काय काम करतो, याचा किती शांतपणे विचार केलाय त्यात! आणि चित्रकला शिकवणाऱ्यांनी ते उघडूनही बघू नये?

२०१९ मध्ये मी बाबांना घेऊन मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला दालनात गेले होते. ठाण्याहून फास्ट लोकल, पुढे काळा घोड्यापर्यंत चालत. बरव्यांचं मोठं प्रदर्शन होतं, नावच 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स'. बाबांची हयात कापड गिरणीत डिझाइनं काढण्यात गेली. बराच वेळ गप्प होते. मग एका चित्राच्या इतके जवळ गेले की रखवालदार धावत आला. बाबा त्यालाच सांगायला लागले, "अहो, हा ऑइल पेंट आहे! आमच्या ग्रिलचा!" खरंच होतं ते. बरवे एनॅमल वापरायचे.

बरव्यांचा नागावला १९३६ चा जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, मग हातमागाच्या कापडाची डिझाइनं करणाऱ्या सरकारी विणकर सेवा केंद्रात वीसएक वर्षं नोकरी. साठच्या दशकात त्यातली काही वर्षं बनारसला, तिथून तंत्रसाधनेतली प्रतीकं चित्रांत आली. पुढे तीही मागे पडली आणि पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तू उरल्या, भोवती भरपूर मोकळीक. नोकरी सांभाळून चित्रं आणि डायऱ्यांमधून सतत चाललेला विचार. १९९५ मध्ये गेले, साठीही गाठली नाही. बाबांनी यातलं एकच धरून ठेवलं, विणकर सेवा केंद्र. "म्हणजे आपल्यातलाच की गं, कापडवाला." परतीच्या गाडीत मुलुंड येईपर्यंत तीनदा.

मान्य, परीक्षेला मार्क लागतात, क्लासवाल्यांच्या मागे पालक लागलेले असतात. पण म्हणून चिमट्यामागे डोंगर, सूर्य आणि दोन नारळ काढायला लावायचे? क्लासमध्ये तेच सांगितलंय तिला. नाही काढायचे! मी उद्या जाऊन बोलणार आहे.

लिहिता लिहिता राग जरा निवलाय. मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली 'कोरा कॅनव्हास'ची प्रत प्रदर्शनानंतर बाबांनी दोनदा वाचली होती, हाताशी वही घेऊन. घरात आपली स्वतःची हवी होती. कोणाकडे जास्तीची असेल तर सांगा, ठाण्यात कुठेही येऊन घेईन.

आत्ता बाबा तिचा कागद ट्यूबलाइटखाली धरून बसलेत. लाल अक्षरांकडे बघतही नाहीत. गॅलरीतला खरा चिमटा काढून आणलाय आणि तिला विचारतायत, "याची स्प्रिंग कुठे गेली गं तुझ्या चित्रात?"