धर्म बाजूला ठेवला, हे पटलं नाही

ताई ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम) शिकवणारे ताओ भिक्षू मॉय लिन-शिन यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘कॅनडात आल्यावर त्यांनी धर्म बाजूला ठेवून फक्त व्यायाम शिकवला’ हे वाक्य साफ चुकीचं आहे. १९७० मध्ये ते कॅनडात आले आणि टोरांटोत ताई ची शिकवू लागले, हे खरं. पण १९८१ मध्ये त्यांनीच तिथे फुंग लॉय कॉक या हाँगकाँगमधल्या ताओ (चीनमधला एक प्राचीन धर्म) मंदिराची शाखा सुरू केली. वेदीवर तीन देवता: जेड सम्राट, करुणेची बौद्ध देवी क्वान यिन आणि ताओ सिद्धपुरुष लू तुंग-पिन. शिवाय ताओ, बौद्ध आणि कन्फ्यूशियन, तिन्ही परंपरा एकाच छताखाली मानतात.

मी टोरांटोतच राहते आणि गुडघेदुखीमुळे त्यांच्या संस्थेच्या ताई ची वर्गाला जाऊ लागले. ताई चीच्या १०८ हालचालींच्या आधी ‘डॉन यू’ नावाचा व्यायाम करून घेतात: पाय फाकवून, पाठ ताठ ठेवून सावकाश खाली जायचं आणि तसंच वर यायचं. आमच्या शिक्षिका एक पैसा घेत नाहीत, कारण शिकवणाऱ्याने मोबदला घ्यायचा नाही हा मॉय यांनीच घालून दिलेला नियम. वर्ग संपला की त्याच आजीबाई सगळ्यांना चहा देतात, कप विसळतात, खुर्च्या रचून ठेवतात. लेखात या स्वयंसेवेबद्दल अवाक्षर नाही! मंत्रपठणाला न बसणारेही इथे खूप आहेत, त्यांना कोणी आग्रह करत नाही. पण मॉय यांच्या लेखी ही सेवा साधनेचाच भाग होती. १९९८ मध्ये ते गेले, तरी वर्ग आजही स्वयंसेवकच चालवतात. त्यांच्यापैकी एखाद्याशी तरी लेखकाने बोलायला हवं होतं.