‘४५ टक्के विद्यार्थी कॉलेजात काहीच शिकत नाहीत’?

‘दोन वर्षं कॉलेज करूनही ४५ टक्के विद्यार्थी काहीच शिकत नाहीत, हे संशोधनाने सिद्ध झालंय’ असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. अभ्यास खरा आहे. रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या २४ संस्थांमधल्या दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची २००५ मध्ये, प्रवेशानंतर लगेच, आणि २००७ मध्ये पुन्हा चाचणी घेतली. निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यात जे म्हटलंय ते मात्र फिरणाऱ्या मजकुरापेक्षा बरंच वेगळं आहे.

‘काहीच शिकत नाहीत.’ चाचणी होती ‘सीएलए’, म्हणजे कॉलेजिएट लर्निंग असेसमेंट. तिच्यातला एक गाजलेला प्रश्न असा: कंपनीने अमुक एक विमान विकत घ्यावं का? त्याच बनावटीचं विमान नुकतंच कोसळलंय. बातमी, अपघाताचा अहवाल, ईमेल, तक्ते वाचा आणि वरिष्ठांसाठी टिपण लिहा. प्रश्न उत्तम आहे, पण तपासला जातो तो तर्क आणि लेखन. नर्सिंगच्या मुलीला औषधाची मात्रा काढता येते का, भौतिकशास्त्राच्या मुलाला यांत्रिकी कळली का, हे इथे कुणी विचारलेलंच नाही.

‘४५ टक्के.’ खरी मेख इथे आहे. या ४५ टक्क्यांच्या गुणांत ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय’, म्हणजे निव्वळ योगायोगाची नाही असं खात्रीने म्हणता येईल अशी, वाढ दिसली नाही, एवढंच मूळ विधान आहे. एका विद्यार्थ्याच्या दोन चाचण्यांमधला फरक मोजताना चुकीला भरपूर वाव असतो. किलोभर इकडेतिकडे दाखवणाऱ्या काट्यावर पाव किलोची वाढ कळणार कशी? बेताची प्रगती केलेले कितीतरी जण त्यामुळे ‘न शिकलेल्यां’त जमा होतात. उच्च शिक्षणाचे जुने अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी त्याच वर्षी हा आक्षेप घेतला होता. तो आक्षेप कुणी फॉरवर्ड केला नाही, हे ओघानेच आलं.

‘सिद्ध झालंय.’ चाचणीचे गुण निकालात धरले जात नव्हते. मग मन लावून कोण लिहिणार? लिऊ, ब्रिजमन आणि ॲडलर या संशोधकांनी २०१२ मध्ये अशाच जातीच्या दुसऱ्या एका चाचणीवर प्रयोग केला. काहींना सांगितलं, गुण फक्त संशोधनासाठी. काहींना सांगितलं, ते प्राध्यापकांना किंवा नोकरी देणाऱ्यांना कळू शकतात. दुसऱ्या गटाचे गुण स्पष्टपणे जास्त आले. शिवाय कॉलेजात न गेलेल्या तरुणांशी तुलनाही मूळ अभ्यासात नाही.

म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. सरासरी वाढ अवघी ०.१८ प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेले असतात त्याचं माप) होती, आणि दोन वर्षांसाठी ती तुटपुंजीच आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: आधीच्या सत्रात वीसहून जास्त पानं लिहायला लावणारा एकही विषय नव्हता, असं निम्म्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. आठवड्याला चाळीसहून जास्त पानं वाचायला लावणारा विषय जवळपास एक तृतीयांश विद्यार्थ्यांना नव्हता. जिथे लिहिणं आणि वाचणं दोन्ही मागितलं गेलं, तिथे वाढही जास्त दिसली. ४५ टक्क्यांचा आकडा हातात घेऊन विद्यार्थ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी अभ्यासक्रमात काय मागितलं जातं ते बघावं.