ग्रेनाडाची पदकं ‘नुसत्या जिद्दी’वर आलेली नाहीत

ऑलिम्पिक आलं की एक मेसेज फिरायला लागतो. पॅरिसनंतर तो मला चार ग्रुपवर आला आणि अजूनही अधूनमधून येतोच: ‘ग्रेनाडा. लोकसंख्या सव्वा लाखसुद्धा नाही. ना मैदान, ना प्रशिक्षक, ना पैसा. फक्त जिद्द! रातोरात जगाला हरवलं. आणि आपण १४० कोटी. लाज वाटायला हवी.’

पाठवणारे कळवळून पाठवतात, हे मला मान्य आहे. लोकसंख्येचा आकडाही बरोबर आहे. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट मुंबईच्या निम्म्याहून थोडं मोठं, झेंड्यावर जायफळ मिरवणारं. पण पुढचं जे लिहिलंय, त्याने तिथल्या माणसांच्या अनेक वर्षांच्या कामावर बोळा फिरतो.

आधी ते ‘रातोरात’ बघू. ग्रेनाडा पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेलं १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. त्याच्या साधारण नऊ महिने आधी, ऑक्टोबर १९८३ मध्ये, अमेरिकी सैन्य त्या बेटावर उतरलं होतं. तिथून २००८ पर्यंत सात ऑलिम्पिक झाली आणि पदकं आली शून्य. २००४ मध्ये अथेन्सला अॅलेन फ्रान्सिक ४०० मीटरमध्ये चौथा आला. पदक एका जागेने हुकलं, पण ग्रेनाडाचा माणूस या अंतरात जगातल्या पहिल्या चारांत बसतो हे घरोघरी कळलं.

मग ४०० मीटरचा धावपटू किरानी जेम्स. गुयाव नावाच्या कोळ्यांच्या गावातला मुलगा. २००७ मध्ये चौदाव्या वर्षी जागतिक युवा स्पर्धेत रौप्य, वेळ ४६.९६ सेकंद. २००८ मध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धेत रौप्य, ४५.७०. २००९ मध्ये युवा स्पर्धेत २०० आणि ४०० मीटर, दोन्हींत सुवर्ण. २०१० मध्ये कनिष्ठ गटाचं सुवर्ण. २०११ मध्ये दाएगूला थेट जागतिक विजेता, तोही तीन शतांश सेकंदांनी. आणि २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण, ४३.९४ सेकंदांत. अमेरिकेबाहेरचा कुणीही माणूस त्याआधी ४४ सेकंदांच्या आत धावला नव्हता. सरकारने बेटाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. दर वर्षी एकेक पायरी चढत गेलेला हा पोरगा आहे, याला रातोरात कसं म्हणायचं?

‘ना मैदान, ना प्रशिक्षक’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त फसवं. सप्टेंबर २००४ मध्ये ‘इव्हान’ चक्रीवादळाने बेटावरची बहुतेक घरं मोडली, राष्ट्रीय स्टेडियमही गेलं. किरानी तेव्हा बारा वर्षांचा होता. पण मैदान मोडलं तरी स्पर्धांची साखळी तुटली नाही. ग्रेनाडात माध्यमिक शाळांची ‘इंटरकॉल’ असते. तिच्यावर कॅरिबियन मुलांची ‘कॅरिफ्टा’, जी १९७२ पासून ईस्टरच्या सुमारास भरते. तिथे जमैका, त्रिनिदाद, बहामाजची पोरं शेजारच्या लेनमध्ये असतात. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच जगातल्या सर्वोत्तम मुलांशी गाठ पडते. त्यातून पुढे अमेरिकी विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या: किरानी अलाबामात, भालाफेकपटू अँडरसन पीटर्स मिसिसिपी स्टेटमध्ये, डेकॅथलॉनचा (दहा प्रकारांची मिळून एक स्पर्धा) लिंडन व्हिक्टर टेक्सासच्या ए अँड एममध्ये. किरानीला तिथे हार्वी ग्लान्स होते, पीटर्सला बेटावर पॉल फिलिप. प्रशिक्षक नव्हते म्हणणं म्हणजे या माणसांना पुसून टाकणं. आज तिथल्या अॅथलेटिक्स स्टेडियमला किरानीचंच नाव आहे आणि कॅरिफ्टा २०१६ आणि २०२४ मध्ये तिथेच झाली.

आता तो १४० कोटींचा हिशेब. पॅरिसमध्ये ग्रेनाडाला दोन कांस्यपदकं मिळाली, म्हणजे साधारण ५७ हजार माणसांमागे एक. हाच भाव आपल्याला लावा: भारताला सुमारे २४ हजार पदकं हवीत. पॅरिसमध्ये खेळप्रकार होते ३२९, एकूण पदकं हजाराच्या थोडी वर. शिवाय अॅथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारांत एका देशाचे फार तर तीन जण उतरतात, लोकसंख्या कितीही असो. आणि याच पट्टीने २००८ पर्यंतचं ग्रेनाडा मोजलं तर उत्तर शून्य येतं. २०१२ पासूनची त्यांची पाचही पदकं अॅथलेटिक्सची आहेत आणि तिघांनी मिळून आणलेली आहेत: किरानीची सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी तीन, पीटर्स आणि व्हिक्टरचं एकेक. इतक्या लहान आकड्यावर दरडोई क्रमवारी बेतली की एका खेळाडूचा घोटा मुरगळला तरी देश तळाला जातो.

आपल्याकडे खेळाचा पैसा, शालेय स्पर्धा, प्रशिक्षकांचे पगार यांवर भांडायलाच हवं, मीही भांडतो. पण ‘फक्त जिद्द पुरते’ हा मेसेज त्याच मागणीचे पाय कापतो. जिद्दच पुरत असेल तर मैदान कशाला मागायचं?

आणि ‘लाज’? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री बाराच्या सुमारास आपण सगळे नीरजसाठी जागे होतो. भालाफेकीत पाकिस्तानचा अर्शद नदीम ९२.९७ मीटर, नीरज ८९.४५, आणि तिसरा पीटर्स, ८८.५४. चेक प्रजासत्ताकाचा याकुब वाडलेख चौथा, ८८.५०. दोन बोटं रुंदीचं अंतर. हाच पीटर्स २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ९०.५४ टाकून नीरजच्या पुढे होता. पॅरिसच्या महिनाभर आधी ‘बेरिल’ वादळाने ग्रेनाडाचंच कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं होतं. नीरज आणि पीटर्स एकाच पोडियमवर उभे होते.